दगडाचं वय, दगडाचं बळ

भूशास्त्रात एम.एस्सी. करताना दगड हातात आला की पहिला प्रश्न पडायचा, हा कधीचा? आता बांधकामाच्या साइटवर विचारतात, हा भार किती घेईल? साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचं कौतुक कंत्राटदाराला सांगून काय उपयोग! त्याला पाया कुठे टेकवायचा तेवढंच हवं असतं.

आज बोअरिंगला काळा बेसॉल्ट लागला. बाहेर काढलेला खडकाचा दंडगोल, म्हणजे कोअर, अगदी खणखणीत. दहा सेंटिमीटरहून लांब तुकड्यांच्या लांबीची बेरीज करून आरक्यूडी, म्हणजे खडकाच्या दर्जाचा निर्देशांक काढला, तोही उत्तम. सिव्हिलवाले म्हणाले, "झालं, थांबू या." मी आणखी थोडं खाली जायला लावलं. वीतभर लालसर थर निघाला. पाण्याचा थेंब पडताच बोटांत चिखल. दोन लाव्हाप्रवाहांच्या मधल्या काळात झिजून तयार झालेला हा रेड बोल. दख्खनच्या खडकात तो असा पोटात दडलेला असतो, हे शिकलेलं अखेर कामी आलं.

मृदायांत्रिकीचा पाया घालणारे कार्ल टेरझागी मूळचे मेकॅनिकल इंजिनिअर, मग भूशास्त्राकडे वळले. माझी वाट नेमकी उलटी. त्यामुळे गणिताशी झटापट चालूच आहे, आणि अहवालावर शेवटची सही सिव्हिलवाल्याचीच लागते, हेही खुपतं. पण कोअर बॉक्सपाशी सगळे माझ्याकडे बघतात, तेव्हा बरं वाटतं.

उद्यापासून भारवहन क्षमतेचं प्रकरण पुन्हा वाचायला घ्यायचं. या वेळी उदाहरणं सोडवून.