कच्च्या पोरांना घरी ठेवा

सख्खी-चुलत मिळून आम्ही एवढी भावंडं की एकाच शाळेचे दोन जमाने आमच्या घरानं पाहिले. थोरला दादा गेला तेव्हा माणदेशातल्या आमच्या गावची शाळा लोकल बोर्डाची होती. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या, दारावरची पाटी बदलली, गळकं छप्पर तेच राहिलं. आम्ही मधली त्या नव्या पाटीखाली शिकलो, आणि शेंडेफळाच्या हाती बालभारतीचं चित्रांचं पुस्तक पडलं. ते आम्ही त्याच्याआधी वाचून काढलं. गुरुजी मात्र बराच काळ एकच. फायनल पास, धोतर, कोट, टोपी. एका खोलीत चार इयत्ता.

शाळेची खरी तपासणी आमच्या घरी दिवेलागणीला व्हायची. आजीला अक्षर येत नव्हतं, पण परवचा तिच्यासमोर म्हणायचा. पाढा अडखळला की तिला ते ऐकूनच कळायचं. दादाच्या वेळी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी इतकं सगळं होतं. आणे, पायली, शेर यांच्या बाजारात साडेतीनचा पाढा लागायचाच. १९५७ साली नवे पैसे आले, मागोमाग किलो आला, आणि आमच्यापर्यंत पोचेतो तीसपर्यंतच्या पाढ्यांवर भागलं. आजी म्हणायची, ‘या पोरांना निम्मंच शिकवतात.’ दादा अजून वाण्याच्या दुकानात ‘सात औटे साडेचोवीस’ म्हणून मोकळा होतो.

गुरुजी चौथीला भूमिती सांगत असताना पहिलीवाले पाटीवर एकच अक्षर गिरवत बसायचे, आणि दुसरीचं वाचन तिसरीतला हुशार पोरगा घ्यायचा. कविता, पाढे, महिने, नक्षत्रं, सगळं एका सुरात. त्या कोरसची एक सोय होती: ज्याला येत नाही त्यानं नुसते ओठ हलवले तरी चालायचं. आमचा नाना तसे ओठ हलवत तिसरीपर्यंत आला. त्याला जोडाक्षर वाचता येत नाही हे गुरुजींना ठाऊक नव्हतं असं नाही. पण चार इयत्तांना पुरताना एका पोराजवळ बसायला वेळ कुठला?

वेळ मिळायचा तो स्कॉलरशिपच्या पोरांना. चौथीतली निवडक मुलं रात्री अंथरूण घेऊन शाळेत जायची. कंदिलाभोवती गणितं, पहाटे उठवून पुन्हा गणितं. गुरुजी त्यासाठी दमडी घेत नसत, उलट घरचं रॉकेल आणत. दादा तिथेच घडला, आणि आजही त्यांचं नाव निघालं की हात जोडतो. गुरुजी हात जोडण्यासारखेच होते. अक्का त्याच्यापेक्षा गणितात पक्की होती, पण पोरगी रात्री शाळेत झोपायला कशी जाणार? घरातल्या कुणी तो प्रश्न विचारलादेखील नाही.

आणि तपासणीला दिपोटी येणार असले की! आदल्या दिवशी आम्ही पोरी जमीन सारवायच्या, पोरं तोरण बांधायची, फळ्यावर रंगीत खडूनं सुविचार. साहेब कुठला धडा विचारतील त्याचा अंदाज बांधून तोच घोटून घ्यायचा. वर निरोप असायचा: कच्च्या पोरांना उद्या घरी ठेवा. नाना त्या दिवशी खुशीत शेळ्या घेऊन माळावर जायचा. शाळेचा शेरा नेहमी चांगला.

परवा शेंडेफळाच्या सुनेनं ‘असर’ पाहणीचं सांगितलं. ‘प्रथम’ संस्थेची ही माणसं २००५ पासून गावोगावी शाळेत नव्हे, घरोघर जातात. पोराला एकेकटं समोर बसवतात आणि अक्षर, शब्द, परिच्छेद, मग दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचायला देतात. पाचवीतलीही पुष्कळ पोरं त्या गोष्टीपाशी अडतात म्हणे. दादाला जोर चढला. आमच्या वेळी असं नव्हतं, २०१० पासून आठवीपर्यंत नापास करणंच बंद केलं, आता पाचवी-आठवीला परीक्षा परत आणली ते बरं केलं, वगैरे.

‘मला चौथीत दोनदा नापास केलं,’ नाना म्हणाला. ‘पक्का झालो का?’

मला तेव्हा जाणवलं ते हे की आमच्या आजीनंतर नानाला एकट्याला समोर बसवून कुणी विचारलंच नव्हतं, आणि आजी पाढे ऐकू शकायची, वाचन नाही.

दादा हटला नाही. गुरुजींनी शिकवलेलं एक पोर दाखवा ज्याला वाचता येत नाही, म्हणाला. नाना समोरच बसला होता. मग अक्कानं विचारलं, ‘तुझ्याबरोबर पहिलीत बसलेली सातवीला किती होती रे?’ दादा नावं घेत बोटं मोजायला लागला. एका हाताची बोटंसुद्धा पुरी झाली नाहीत. त्यात पोरगी एकच, पाटलांची.

‘आणि बाकीची?’ अक्कानं विचारलं.

‘गेली आपापल्या कामाला,’ दादा म्हणाला, आणि चहा मागवला.