गुडघ्यांची साक्ष

बाबा सैन्यातून निवृत्त झाले, तेव्हा दोन्ही गुडघ्यांची झीज वैद्यकीय मंडळाने नोंदवली होती. परंतु ‘सेवेशी संबंध नाही’ या एका शेऱ्यामुळे अपंगत्व निवृत्तिवेतन नाकारले गेले. अपीलही फेटाळले गेले. ‘जाऊ दे, मी भीक मागणार नाही,’ म्हणत त्यांनी कागद लोखंडी पेटीत ठेवून दिले.

पुढे जिना चढताना त्यांना आधार लागू लागला, तेव्हा मी ती पेटी उघडली. भरतीच्या तपासणीत गुडघ्यांचा एकही दोष नोंदलेला नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धरमवीर सिंग प्रकरणात म्हटले आहे, की भरतीवेळी नोंद नसलेला आजार सेवेमुळे जडला असे गृहीत धरावे; तसे नसल्याचे सिद्ध करण्याचा भार सैनिकावर नाही. अपंगत्व मात्र किमान २० टक्के ठरलेले असावे लागते. बाबांचे तेवढे होते.

सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचा अर्ज पुढे ठेवून मी म्हटले, ‘बाबा, ही भीक नव्हे. तुमच्या गुडघ्यांनी केलेल्या चाकरीचा हा हिशेब आहे.’ बराच वेळ ते गप्प होते. मग त्यांनी चष्मा मागितला आणि सही केली.

निकाल अजून लागायचा आहे. मात्र जिन्यापाशी आता ते स्वतःहून माझा हात धरतात.