अक्षांश, रेखांश आणि मी

गेल्या वर्षी सहा महिने मी मुलाकडे अमेरिकेत राहून आले. ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहराबाहेर त्याचं घर आहे. सकाळी मुलगा-सून कामावर जायचे, नातू शाळेत. मग घरात मी आणि खिडकीबाहेरचा पाऊस. एकटीने बाहेर पडायची हिंमत होत नसे. दापोलीत मी कधी हरवले नाही, पण खरं सांगायचं तर दापोलीतही मी एकटी फारशी कुठे गेलेच नव्हते. आधी सासूबाई बरोबर असायच्या, मग मुलं आणि हे जहाजाची नोकरी संपवून कायमचे घरी आल्यावर हे. दोन वर्षांपूर्वी यांचा इंतकाल झाला आणि माझं बाहेर जाणंच थांबलं.

नातू दहा वर्षांचा. त्याचं मराठी माझ्या इंग्रजीसारखंच, समजतं पण बोलताना अडखळतं. एका शनिवारी त्याने कपाटातून एक पिवळं-काळं यंत्र काढून माझ्या हातात ठेवलं. साबणाच्या वडीपेक्षा थोडं मोठं, मागे दोन पेन्सिल सेल. "दादी, डबा शोधायला जाऊ या?"

मुलाने मग समजावलं. या खेळाला जिओकॅशिंग म्हणतात. कुणीतरी एक डबी लपवतं आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतं. आपण ती शोधायची, आतल्या छोट्या वहीत नाव आणि तारीख लिहायची आणि डबी होती तिथेच परत ठेवायची. आतली वस्तू घेतली तर तेवढ्याच किंवा जास्त मोलाची दुसरी ठेवायची. ही अट मला आवडली. शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हे आपल्याकडे कुठे सांगावं लागतं?

खेळाची सुरुवातही त्याच भागातली. जीपीएसच्या उपग्रहांवरून मिळणाऱ्या जागेत अमेरिकन सरकार पूर्वी मुद्दाम चूक ठेवत असे, त्यामुळे सामान्य माणसाला १०० मीटरपर्यंतचा फरक पडायचा. मे २०००च्या सुरुवातीला ती चूक काढून टाकली. लगेच ३ मे रोजी डेव्ह उल्मर या गृहस्थांनी पोर्टलंडजवळच्या बीव्हरक्रीक भागात एक बादली लपवली आणि तिचे आकडे जाहीर केले. आत पुस्तकं, व्हिडिओ, एक गलोल आणि बीन्सचा डबा होता. आज जगभर लोक हा खेळ खेळतात.

पहिला धडा घराच्या अंगणातच झाला. मी यंत्र सोफ्यावर बसून सुरू केलं होतं आणि ते नुसतं शोधत बसलं होतं. नातू म्हणाला, "दादी, त्याला आकाश दिसलं पाहिजे." यंत्राला निदान चार उपग्रहांचा संदेश लागतो. छपराखाली तो नीट पोचत नाही, उंच दाट झाडांखालीही गडबडतो. अंगणात जाऊन दोन मिनिटं स्वस्थ उभं राहिल्यावर जागा सापडली. सगळ्यात आधी मुलाने ती जागा 'घर' म्हणून साठवायला लावली. "अम्मी, कुठेही गेलीस तरी एवढं निवडलंस की परतीची दिशा दाखवेल." कुणी हे शिकणार असेल तर माझाही सल्ला हाच. डबी नंतर शोधा, घर आधी साठवा.

दुसरा धडा आकडे भरण्याचा. त्यात मी चांगलीच फसले. यंत्राने सांगितलं, डबी आठ हजार किलोमीटरवर आहे! नातू हसून लोळला. मी १२२ अंश पश्चिम लिहायच्या जागी पूर्व लिहिलं होतं. जन्मभर भूगोलात 'पूर्व रेखांश' ऐकलेलं, हात तिकडेच गेला. माझी डबी चीनमध्ये गेली होती. दुसरी चूक लिहिण्याच्या पद्धतीची. अंशांच्या पुढे दशांश लिहिणारे वेगळे, अंश-मिनिटं-सेकंद लिहिणारे वेगळे. या खेळात अंश आणि मिनिटं लिहितात आणि मिनिटांना तीन दशांश स्थळं असतात. अक्षांशातलं एक मिनिट म्हणजे सुमारे १,८५० मीटर, म्हणून तिसऱ्या दशांशातला एक आकडा चुकला तर जेमतेम दोन मीटरचा फरक, पण पहिल्यातला चुकला तर १८५ मीटरचा. मी चष्मा लावून प्रत्येक आकडा मोठ्याने वाचू लागले.

तिसरा धडा बाणाचा. मी जागेवर उभी राहून यंत्र इकडेतिकडे फिरवत होते, आणि बाण भलतीकडेच. मुलगा म्हणाला, "या साध्या यंत्रात होकायंत्र नाही, अम्मी. तू चाललीस की त्याला तुझी दिशा कळते. थांबलीस की त्यालाही कळत नाही." म्हणून आधी दहा-वीस पावलं टाकायची, मग बाण बघायचा. मी तसं केलं आणि बाण शहाण्यासारखा वळला.

शेवटच्या आठ-दहा मीटरांत मात्र यंत्र खिशात ठेवायचं. त्याच्यातही थोडा फरक राहतोच. तिथून पुढे आपले डोळे. जरा जास्तच नीट रचलेली पानं, दगडावर सरळ ठेवलेला दगड. तांदळातले खडे वेचलेल्या बाईला हे शिकवावं लागत नाही. आमची पहिली डबी नातवाच्या आधी मला दिसली!

महिनाभराने मी एकटी निघाले. घरापासून ७०० मीटरवरच्या बागेत एका बाकापाशी डबी होती. सून काळजीत. "अम्मी, डोक्यावर ओढणी, हातात यंत्र आणि बाकाखाली हात घालताना कुणी बघितलं तर?" भीती मलाही होती. बाकाखाली चाचपडत होते आणि कुत्रा घेऊन एक बाई समोर येऊन थांबलीच. काय हरवलंय, असं विचारलं. माझ्या तोंडातून इंग्रजी फुटेना. मी यंत्र पुढे केलं, बोटांनी डबीचा आकार दाखवला. ती क्षणभर बघत राहिली, मग कुत्र्याचा पट्टा बाकाला अडकवून स्वतःच गुडघ्यांवर बसली. लोखंडी पट्टीला चुंबकाने चिकटलेली काडेपेटीएवढी डबी तिलाच सापडली. वहीत आम्ही दोघींनी नावं लिहिली. परतताना मी 'घर' निवडलं, आणि रस्ता पाठ असूनही बाणाकडे बघत आले.

हे सगळं कशासाठी लिहिते आहे, ते आता सांगते.

आमचे हे जहाजावर सुकाणी होते. १९८४ साली आमचा हा मुलगा झाला तेव्हा मी दापोलीत आणि हे समुद्रावर. बाळंतपण अवघड गेलं होतं. महिन्याने यांचं पत्र आलं. त्यात लिहिलं होतं, तार मिळाली तेव्हा आम्ही इथे होतो, आणि पुढे नुसते आकडे. मला राग आला. बायको मरता मरता वाचली आणि हा माणूस आकडे लिहितो! पुढे जन्मभर भांडणात मी एकच म्हणायचे, "तेव्हा कुठे होतात तुम्ही?" हे म्हणायचे, "लिहून पाठवलं होतं की." एकदा मुलाचा नकाशा घेऊन दाखवायला बसले, तर मी उठून गेले.

बागेतून आल्यावर त्या रात्री मला झोप लागेना. दापोलीला लेकीला फोन करून ट्रंकेतलं ते पत्र शोधायला लावलं. तिने फोटो पाठवला. १४-२० उत्तर, ५२-१० पूर्व. अंश आणि मिनिटं. जहाजावरची पद्धत आणि या खेळाची पद्धत एकच! मी कुणाची मदत न घेता आकडे भरले. या वेळी पूर्वच बरोबर होतं. पडद्यावर सगळी कोरी जागा आली, वरच्या बाजूला येमेनच्या किनाऱ्याची रेघ. मुलाने दापोलीपासूनचं अंतर काढलं, सुमारे २,२८० किलोमीटर. "१२ नॉटने जहाज सरळ आलं असतं तरी चार दिवसांहून जास्त लागले असते, अम्मी," तो म्हणाला. नातू मधेच बसला होता. त्याने विचारलं, "दादा इथे होते?" मी म्हटलं, "हो. तुझ्या अब्बांचा जन्म झाला तेव्हा इथे होते."

माझ्या प्रश्नाचं उत्तर यांनी मिनिटापर्यंत नेमकं दिलं होतं. मला ते वाचता येत नव्हतं, आणि शिकायचंही नव्हतं. आता सांगायला हे नाहीत.

परत येण्याआधी मुलगा आम्हाला बीव्हरक्रीकला घेऊन गेला. पहिल्या डब्याच्या जागी आता स्मरणाची पाटी आहे आणि तिथेही वही आहे. नातवाने इंग्रजीत लिहिलं. मी खाली मराठीत दोन नावं लिहिली, यांचं आधी, माझं नंतर.

आपल्या कोकणात कितीतरी घरांत कुणी सारंग होते, कुणी टंडेल, कुणी सुकाणी. त्यांची पत्रं अजून ट्रंकेत असतील आणि त्यात असे आकडेही असतील. घरातल्या मुलांना जवळ बसवा आणि ते आकडे नकाशावर बघा. लिहिणारा माणूस हयात असेल तर त्यालाच विचारा, आजच विचारा.