दम आणि घड्याळ

अकोल्याजवळच्या आमच्या गावात थोरल्या काकांच्या एका चढाईची गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. जत्रेतला हुतूतूचा सामना. काकांच्या बाजूला ते एकटेच उरलेले, समोर तिघे गडी. काका पलीकडे गेले आणि जवळजवळ जागच्या जागी दम घुमवत राहिले. बराच वेळ. अखेर समोरच्यांचा धीर सुटला, तिघेही एकदमच अंगावर आले, आणि काका त्यांना ओढत मध्यरेषेपर्यंत पोचले.

मागच्या उन्हाळ्यात माझ्या मुलाने या गोष्टीचा एका वाक्यात निकाल लावला : "आज ही चढाई रिकामीच गेली असती." माहिती म्हणून ते खरेच होते. २०१४ साली सुरू झालेल्या प्रो कबड्डीत चढाईला ३० सेकंद मिळतात. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या, तर तिसऱ्या चढाईत गुण मिळवावाच लागतो. नाहीतर चढाई करणारा बाद होतो. दम आजही घ्यावा लागतो, पण त्याच्यावर आता घड्याळाचा पहारा आहे.

तरीही मला राग आला. मी मराठीचा अध्यापक. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' (१८५७) विद्यार्थ्यांना कादंबरीपेक्षा प्रवचनच अधिक वाटते, तेव्हा मी त्यांना सांगतो की विधवांच्या दुःखाला गद्यकथेत जागा देणे हेच त्या काळी अवघड होते. आधी लेखकापुढचा पेच पाहा, मग त्याचे यश मोजा. खेळालाही हेच लागू नाही का? अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. नियम ठाऊक नसलेल्या तिथल्या प्रेक्षकाला तोंडाने एकच शब्द घोकत धावणारा माणूस कसा दिसला असेल? नियम वगळले की पराक्रम उरत नाही, नुसती धावपळ उरते. काकांपुढचा पेच वेळेचा नव्हता, श्वासाचा होता.

हा युक्तिवाद घेऊन मी काकांकडे गेलो. त्यांनी तो शांतपणे ऐकला आणि हसले. "पोरगं बरोबर बोलते. आजच्या पोरायनं मले तिथंच दाबलं असतं. आमचा दम छातीत व्हता, यायचा घडीत हाय. पण येक सांगू? माह्यापेक्षा तुह्या आत्याचा दम मोठा व्हता."

आत्या हुतूतू खेळत असे, हे मला पन्नाशीच्या उंबरठ्यावर कळले. खेळायची ती मागच्या अंगणात, भावांबरोबर. जत्रेच्या मैदानात मुलींनी उतरायचे नव्हते.

त्या दिवसापासून माझ्या युक्तिवादातली एक फट मला दिसते आहे. जुन्या खेळ्याला त्याच्या काळाच्या नियमांनी मोजावे, हे मला अजूनही पटते. पण 'तो काळच तसा होता' हे वाक्य मी काकांच्या चढाईसाठी वापरतो, तेच आत्याच्या अंगणासाठी वापरता येईल का? येणार नाही. चढाई किती वेळ चालावी हा खेळाचा नियम होता. मैदानात कोणी यावे हा नव्हता. आजच्या मापाने पहिल्याला कमी लेखणे अन्याय आहे. दुसऱ्याला मात्र आजचेच माप लावले पाहिजे.

काकांची गोष्ट मी आताही सांगतो. फक्त ती संपते आता आत्यापाशी.