मेहकरच्या पांदणीत विलायती गाडी

मेहकरला तुम्ही बालाजीच्या दर्शनाला कधीतरी आला असाल. नसाल आलात, तर एकदा या. शारंगधर बालाजीची काळ्या पाषाणातली ती उंच मूर्ती १८८८ साली जमिनीतून निघाली. आजही नवा माणूस तिच्यापुढे उभा राहिला, की मान वर करूनच पाहतो. पैनगंगेच्या काठचे हे गाव तसे रस्त्यांचे गाव. जालना-सिंदखेडराजाकडून येणारा, खामगावकडून येणारा, मालेगाव-कारंजाकडे जाणारा आणि लोणारला जाणारा, असे रस्ते इथे एकमेकांना भेटतात. त्यात आता समृद्धी महामार्गाची भर पडली आहे. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि ५ जून २०२५ ला ७०१ किलोमीटरचा सगळा रस्ता खुला झाला. त्यावर मोटारी ताशी १२० किलोमीटरने धावतात. मोटारसायकल, ट्रॅक्टर आणि बैलगाडी यांना मात्र तिथे बंदी आहे. म्हणजे ज्यांच्या वावरातून तो गेला, त्यांतल्या बहुतेकांचे वाहन त्यावर चालत नाही. असो.

आज मी तुम्हाला यांपैकी कोणत्याच रस्त्याने नेणार नाही. आपण पांदणीने जाणार आहोत, आणि तेसुद्धा १९४८ सालच्या, दोनच माणसे बसतील अशा विलायती शर्यतीच्या थाटाच्या मोटारीतून.

ही गाडी माझ्या एका मित्राची. अकोल्याच्या कृषी महाविद्यालयात आम्ही एका बाकावर होतो. आता तो पुण्याला असतो. त्याच्या वडिलांनी कधीकाळी मुंबईत जुनी म्हणून घेतलेली एमजी कंपनीची ही टीसी मोटार त्याने लेकरासारखी सांभाळली आहे. गेल्या जानेवारीत तो लोणारचे सरोवर पाहायला निघाला, तेव्हा समृद्धीने न येता जालन्यावरून जुन्या रस्त्याने आला. "ताशी सत्तरच्या वर मी तिला पळवत नाही. त्या रस्त्यावर मागचे सगळे मला शिव्या देतील," असे त्याचे म्हणणे.

गाडी पाहिली आणि मला हसू आले. तुम्हालाही आले असते, कारण ती आपल्या बैलगाडीची बहीण शोभते! चाके मोठी, एकोणीस इंचांची, अरुंद आणि तारेच्या आऱ्यांची. पुढच्या दोन्ही चाकांना मिळून एकच सलग आस. म्हणजे एक चाक दगडावर चढले, की दुसऱ्यालाही त्याची खबर लागते. चारी चाकांवर पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगा. आणि वरचा पत्रा कशावर ठोकलेला, तर लाकडी सांगाड्यावर. ॲश नावाच्या झाडाचे ते लाकूड. आपल्याकडे गाडीला आणि औताला जशी बाभूळ, तसे इंग्रजांच्या देशात अवजारांच्या दांड्यांना ते वापरतात. १९४५ ते १९४९ या काळात अशा सुमारे दहा हजार गाड्या तिकडे झाल्या. इंजिन अवघे १२५० सीसीचे. वजन आठ क्विंटलच्या आसपास. ते वजन ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल.

मला त्या दिवशी सुलतानपूरच्या अलीकडे एका वावरात हरभऱ्यावरचा मर रोग पाहायला जायचे होते. ते काम उरकून तसेच पुढे लोणारला जावे असे ठरले. डांबरी सोडून पांदण लागते तिथे मी म्हटले, "गाडी इथेच ठेव. दीड किलोमीटर पायी जाऊ."

तो म्हणाला, "लेका, ही गाडी झाली तेव्हा डांबर होते कुठे? हिला कच्चा रस्ता नवा नाही."

त्याचे बोलणे खोटे नव्हते. मोटारीचा जन्म कच्च्या रस्त्यावरचाच. पुढे पक्के रस्ते वाढले, तशा गाड्या जमिनीला टेकत गेल्या. तरी हिच्या पोटाखाली सहाच इंचांच्या आसपास जागा, म्हणजे एक वीतसुद्धा नाही. उतरण्यापूर्वी मित्राने चारी चाकांतली हवा थोडी कमी केली. ही गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. वावरात ट्रॅक्टरची हवा कमी ठेवली की टायर पसरतो आणि जमीन धरतो, आणि डांबरीवर चढण्याआधी ती पुन्हा भरावी लागते. समोर एक ट्रॅक्टर-ट्रॉली चालली होती, ती दिसेनाशी होईपर्यंत तो थांबला. कारण तिचा फुफाटा इंजिनाच्या नाकात गेला तर आतून घासून काढतो. फुफाट्याच्या दिवसांत तुम्ही ट्रॅक्टरच्या एअर क्लीनरचे तेल किती वेळा बदलता, हे या निमित्ताने आठवून पाहा. मी शिबिरात हे दर वर्षी सांगतो आणि दर वर्षी माना डोलतात.

मग आम्ही निघालो, चालत्या बैलाच्या गतीने. इतक्या खाली बसून मी पांदण कधी पाहिलीच नव्हती. पंचवीस-तीस वर्षे मी या वाटांनी फिरतो आहे, पण सरकारी जीपमधून किंवा मोटारसायकलवरून. जीप सगळे तुडवून जाते आणि मोटारसायकल कडेने निसटते. या गाडीत माणूस जमिनीपासून हातभर उंचीवर बसतो. रस्त्याचा प्रत्येक खडा तुमच्याशी बोलतो.

पहिली अडचण चाकोरीची. टीसीच्या दोन चाकांतले अंतर पंचेचाळीस इंच. ट्रॅक्टरचे याहून बरेच जास्त. त्यामुळे ट्रॅक्टरने पाडलेल्या दोन्ही चाकोऱ्यांत हिची चाके बसतच नाहीत. एक चाकोरीत घातले, की दुसरे मधल्या उंचवट्यावर चढते, आणि गाडी कलती होऊन पोट घासते. मित्राने युक्ती केली ती अशी, की चाकोरी दोन्ही चाकांच्या मध्ये घ्यायची. एक चाक मधल्या उंचवट्यावर, दुसरे पार धुऱ्याच्या कडेला. वळणावर जागा बदलायची. फुफाट्यात ब्रेक दाबायचा नाही, आधीच गियर उतरवायचा. स्टिअरिंग घट्ट धरायचे नाही, कासऱ्यासारखे हातात खेळते ठेवायचे.

दुसरी गोष्ट मला त्या कलत्या बैठकीमुळे कळली. रस्ता खराब होतो तो चाकांनी नव्हे, पाण्याने. आपली काळी जमीन पाणी पिऊन फुगते, वाळली की भेगाळते. चांगल्या वाटेची पाठ मध्ये उंच असते आणि दोन्ही अंगांना चर असतात, म्हणून पाऊस कडेला उतरतो. इथे चर कुणीतरी वावरात घेतले होते. वर्षावर्षाला दोन्ही बाजूंचे धुरे एकेक तास आत सरकले होते. पाणी मग चाकोरीतूनच वाहते, चाकोरी खोल होते, आणि वाटेचा नाला होतो. त्यावर नुसता मुरूम टाकला तर तो पहिल्याच पावसात चिखलात बुडतो. आधी चर, मग पाठ, मग खाली दगड आणि वर मुरूम, असा तो क्रम आहे. पाणी आडवे जाते तिथे नळकांडी घातलीच पाहिजे.

किलोमीटरभर गेलो आणि पांदण संपली. संपली म्हणजे नांगरली होती. वीस-पंचवीस पावले सरळ तासच तास, पलीकडे पुन्हा वाट. मित्राने ब्रेक मारायच्या आत पुढची चाके तासात उतरली आणि गाडी पोटावर बसली. मागची चाके जागच्या जागी फिरू लागली, तसे त्याने इंजिन बंद केले.

"साहेब, हितंच आमचंबी गाडं अडते," मागून आवाज आला. ज्यांचा हरभरा पाहायचा होता ते आबा धुऱ्यावर उभे होते. डोक्यावर तुरीच्या पेंढ्यांचा भारा. मागे त्यांची सून, तिच्याही डोक्यावर भारा. ट्रॅक्टर पलीकडे डांबरीच्या कडेला उभा होता, आणि या दोघांनी सकाळपासून तूर डोक्यावरून वाहिली होती. मी विचारले, किती खेपा झाल्या? सून म्हणाली, "मोजल्या नाहीत. मोजल्या की पाय दुखतेत."

वाट दिवाळीनंतर नांगरली गेली होती. नांगरणारे आबांचे चुलतभाऊच. वाटणीत वाट आपल्या हिश्श्यातून जाते, ती आपली जमीन, असे त्यांचे म्हणणे. दोन्ही घरांचे बोलणे तेव्हापासून बंद.

आधी गाडी काढायची होती. आबांनी हाका मारल्या, आजूबाजूच्या वावरांतून माणसे आली. आठ क्विंटल म्हणजे सोयाबीनची पंधरा-सोळा कट्टी. आठ-दहा गड्यांना ते काय जड? पण पत्रा कुठे धरायचा नाही, हे मित्र ओरडून ओरडून सांगत होता. त्या गड्यांत एक उंच माणूस शेवटी येऊन मागच्या अंगाला लागला, आणि आबांनी मान दुसरीकडे वळवली. हेच ते चुलतभाऊ. "हं, उचला!" म्हणताच गाडी उचलली गेली आणि पलीकडच्या वाटेवर ठेवली गेली. खांदे लागले तेव्हा ते दोघे एकाच बाजूला होते. बोलले मात्र नाहीत.

गाडी चालू झाली, पण डावे दार काही बसेना. धक्क्यांनी लाकडी खांबाचा सांधा ढिला झाला होता. मित्राचा चेहरा उतरला. गावात मिस्त्री नाही, सुतार मात्र आहे. सत्तरीच्या घरातला हा म्हातारा, गाड्या घडवायचे काम आता राहिले नाही म्हणून दारे-खिडक्या करतो. त्याने दार दोन-तीनदा उघडून लावून पाहिले, पत्र्याच्या आत बोटे घातली आणि म्हणाला, "हे तं गाडंच हाय." आत लाकूड आहे हे कळल्यावर त्याला भीती उरली नाही. जुन्या जुवाचा बाभळीचा तुकडा काढला, वासल्याने बोटभर पाचर तासली, सांध्यात सरस लावून ठोकली. दार खट्कन बसले. पैसे घ्यायला तो तयार होईना. शेवटी चहा आमच्याकडून, एवढ्यावर तडजोड झाली.

चहा पिताना मित्राने एक हकीकत सांगितली. १९०७ साली चीनमधल्या पेकिंगपासून फ्रान्समधल्या पॅरिसपर्यंत मोटारींची शर्यत झाली. १० जूनला गाड्या निघाल्या. वाट म्हणावी अशी बहुतेक ठिकाणी नव्हतीच. इटलीच्या बोर्गेझे नावाच्या सरदाराची इटाला गाडी दोन महिन्यांनी, १० ऑगस्टला, पहिली पोहोचली. तिची चाके लाकडी. रशियात एक चाक मोडून गेले, तेव्हा तिथल्या एका खेड्यातल्या सुताराने नुसत्या कुऱ्हाडीने नवे लाकूड घडवून ते उभे केले, आणि त्यावर गाडी पुढे गेली. सुतारबाबाने हे सगळे ऐकून घेतले आणि एकच विचारले, "लाकूड कोनतं व्हतं?" ते मित्राला सांगता आले नाही.

आबांशी माझे बोलणे त्याच ओट्यावर झाले. तुमच्याही शिवारात असे असेल तर हे नीट वाचा. पूर्वापार वहिवाटीची वाट कुणी अडवली, तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दावा करता येतो, आणि तहसीलदार अडथळा काढण्याचा हुकूम देऊ शकतात. मात्र वाट अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा केला पाहिजे. पुष्कळ लोक "पाहू, समजावू" म्हणत ही मुदत घालवतात. वावराला जायला वाटच नसेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १४३ प्रमाणे शेजाऱ्यांच्या धुऱ्यावरून वाट मागता येते. तो मार्ग वेगळा. पांदणी पक्क्या करण्यासाठी शासनाने २०२१ साली मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली, पण वाटच नांगरलेली असेल तर खडी टाकणार कशावर?

आबांच्या वाटेला तेव्हा तिसरा महिना चालू होता. "भावावर दावा लावू काय साहेब?" ते म्हणाले. मी तरी काय सांगणार? सून आतून म्हणाली, "मामंजी, पुढच्या साली सोयाबीन डोक्यावर न्यायचं काय?" त्यावर कुणी बोलले नाही.

लोणारला पोहोचायला आम्हाला संध्याकाळ झाली. उल्केच्या आघाताने पडलेला तो सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंदीचा खड्डा, त्यातले खारे पाणी, कडेची जुनी देवळे. त्यावर मी निराळे लिहीन. त्या दिवशी आम्ही काठावर उभे राहिलो तरी आमचे बोलणे पांदणीचेच चालले होते. सरोवर पाहायला आलेली पोरे मात्र पाण्याकडे पाठ करून गाडीसोबत फोटो काढत होती.

पुण्याला गेल्यावर मित्राने गाडीचे सगळे नट-बोल्ट आवळले. पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्याही बदलल्या, कारण आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि जुने रबर त्याने खराब होते. ते इथेनॉल तुमच्याच उसाचे आणि मक्याचे, म्हणून मी त्याला सहानुभूती दाखवली नाही. बाभळीची पाचर मात्र त्याने तशीच ठेवली आहे.

आबांनी फेब्रुवारीत दावा दाखल केला. चुलतभाऊ पहिल्या तारखेला आले, काही न बोलता उभे राहिले आणि गेले. स्थळपाहणीची तारीख लागल्याचे सांगायला आबांचा फोन आला, तेव्हा शेवटी त्यांनी विचारले, "साहेब, त्या दिवशी तुमच्या दोस्ताची ते लाल गाडी आनता येईल काय? साहेबलोकाइले कसं दाखवावं, ते तिलेच बरं जमते."

मी पुण्याला फोन लावला आहे.