कोणाला विचारले होते?

२०२२ सालच्या पावसाळ्यातील एक संध्याकाळ. प्रार्थना आटोपून मी व्हरांड्यात बसलो होतो. आमच्या धर्मग्रामातील एक शेतकरी आपल्या मुलीला घेऊन आले. मुलगी पुण्याला सॉफ्टवेअर इंजिनिअर. नोकरीला पाच वर्षे झालेली, पगारही चांगला. तो सोडून तिला पुढील शिक्षणासाठी अमेरिकेला जायचे होते.

‘फादर, वाडी गहाण टाकावी लागेल. आता तुम्हीच हिला काय ते सांगा,’ वडील म्हणाले.

वाडी म्हणजे काय, हे वसईकर वाचकांना सांगायला नको. आजूबाजूला इमारती उभ्या राहिल्या, तरी या गृहस्थांनी केळीचा तेवढा तुकडा जिवापाड जपला होता. माझे मत ऐकण्यापूर्वीच तयार झाले.

‘बाळ, एवढी शिकलीस, आणखी काय शिकणार?’

‘प्रॉडक्ट मॅनेजमेंट, फादर.’

‘म्हणजे आता हाताखाली माणसे हवीत तर!’ मी किंचित उपरोधाने म्हणालो.

ती शांतपणे म्हणाली, ‘त्या कामात हाताखाली बहुधा कोणीच नसते. इंजिनिअर आपले ऐकतात, ते पटले तरच.’

मग तिने एक अनुभव सांगितला. तिच्या चमूने रुग्णालयासाठी एक प्रणाली तयार केली होती. एकदा दुरुस्तीच्या निमित्ताने ती तेथे गेली, तेव्हा परिचारिका सर्व नोंदी आधी वहीत लिहीत होत्या आणि पाळी संपता संपता घाईघाईने संगणकात भरत होत्या. पडद्यावर चौदा रकाने होते. रुग्ण कण्हत असताना चौदा रकाने कोण भरणार? ‘माझ्या कामात एकही चूक नव्हती फादर, पण ते त्यांच्या उपयोगाचे नव्हते. चौदा रकाने कोणी ठरवले, हे मी विचारले. कोणालाच सांगता येईना. कसे बनवायचे, हे मला येते. काय बनवायचे, कोणासाठी आणि काय वगळायचे, हे मला शिकायचे आहे.’

पुढे कुतूहलाने मी या विषयावर थोडे वाचले. त्याचे मूळ संगणकात नसून चक्क साबणात सापडते! १९३१ साली प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीतील नील मॅकएलरॉय या तरुणाने तीन पानांचे एक टिपण लिहिले. त्याच्याकडे कॅमे साबणाच्या जाहिरातीचे काम होते आणि कंपनीच्याच आयव्हरी साबणापुढे कॅमे मागे पडत होता. प्रत्येक मालाची सर्वांगीण काळजी वाहणारा स्वतंत्र माणूस नेमावा, त्याने विक्रीचे आकडे तर पाहावेतच, पण प्रत्यक्ष गावोगावी जाऊन अडचण कोठे आहे तेही शोधावे, असा त्याचा आग्रह होता. पुढे हीच रीत संगणक उद्योगाने उचलली. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात तर संगणकशास्त्र आणि व्यवस्थापन या दोन विद्याशाखांनी मिळून २०१८ पासून या विषयाचा एक वर्षाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम चालवला आहे. तिने निवडला होता तो हाच.

त्या संध्याकाळी निघताना तिची नजर आमच्या वाचनालयाच्या बंद दाराकडे गेली. ते मी मोठ्या हौसेने उभारले होते. सकाळी दहा ते पाच उघडे असे, पण कोणी फिरकत नसे. ‘हल्ली लोकांना वाचनाची आवडच राहिली नाही,’ मी खंत व्यक्त केली.

‘फादर, वेळ ठरवताना कोणाला विचारले होते?’

मी निरुत्तर झालो. दहा ते पाच या वेळात मुले शाळा-कॉलेजात, तर नोकरदार मुंबईत असतात, हे मला ठाऊक नव्हते थोडेच! सेमिनरीत मी उत्तम प्रवचन करायला शिकलो, पण विचारायला शिकलो नाही. त्या मुलीलासुद्धा मी आधी सल्ला दिला आणि नंतर तिचे ऐकले.

शेवटी वाडी गहाण पडली नाही. तिने आणखी एक वर्ष नोकरी करून पैसे साठवले, उरलेले कर्ज स्वतःच्या नावावर काढले आणि २०२४ च्या जानेवारीत ती पिट्सबर्गला गेली. वर्षभरात पदवी आणि पाठोपाठ नोकरीही मिळाली.

पण गोष्ट इथे गोड होऊन संपत नाही. शिक्षणानंतर तिकडे बारा महिने काम करण्याची मुभा मिळते, तंत्रविषयक पदवी असल्यास आणखी चोवीस महिने. पुढे एच-वन-बी व्हिसा लागतो. त्याची वार्षिक मर्यादा ८५,००० आणि अर्ज त्याहून कितीतरी अधिक. २०२५ साली तिचे नाव निवडीत आले नाही. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात नव्या अर्जांवर एक लाख डॉलर आकारण्याची घोषणा झाली, तेव्हा तिचे वडील रात्री माझ्याकडे आले. ‘फादर, आपण चुकलो का?’

मी या वेळी उत्तर दिले नाही. ‘चला, तिलाच विचारू,’ म्हणालो आणि फोन लावला.

ती म्हणाली, ‘पपा, परत यावे लागले तर येईन. कर्ज फेडायला दोन वर्षे जास्त लागतील. पण चौदाचे चार रकाने करायला मी शिकले आहे. परिचारिका आपल्याकडेही आहेत.’

वडील बराच वेळ गप्प होते. मग डोळे पुसत म्हणाले, ‘वाडी आहे. ये केव्हाही.’

आमचे वाचनालय आता संध्याकाळी सात ते साडेनऊ उघडे असते. गर्दी होते असे नाही, परंतु परीक्षेच्या दिवसांत बाके कमी पडतात. बाके किती हवीत, हे मुलांनीच मला सांगितले.