माया सोडून टीप

४ जानेवारी २०२४, गुरुवार

माळेगावच्या खंडोबाची यात्रा येत्या बुधवारी लागते. आज संगीत बारीच्या एका पार्टीचे सात ब्लाउज कापले, तीन शिवलेल्या नऊवाऱ्यांची मापं लावली. पार्टीच्या मालकीणबाईंचा दोनदा फोन आला. दोन्ही वेळा एकच बजावणं, "माया सोड बरं का, ताई."

टिपेच्या आत जी जादा पट्टी राहते तिला आम्ही माया म्हणतो. नाचणारीचं अंग हंगामात उतरतं, पावसाळ्यात भरतं. माया असली की उसवून सैल करता येतं. नसली तर एखाद्या रात्री भर बारीत काखेत फाटतं. शिवण शिकायला येणाऱ्या पोरींना ते वाया गेलेलं कापड वाटतं.

संध्याकाळी वरची खाली आली. दिवाळीपासून माझ्या माडीवर भाड्यानं राहते. वय अठ्ठावीस, नवऱ्यापासून वेगळी. रात्री तिच्या बोलण्याचा आवाज येतो. मी समजत होते, फोनवर गिऱ्हाइकांच्या तक्रारी घ्यायचं काम असेल. आज काळं कापड पुढं ठेवून म्हणाली, "काकू, वकिलाचा कोट शिवाल? पुढून नीट पाहिजे, मागून कसा बी चालंल." अस्तर नको, मागची शिवणही नको.

पाठ कधी दिसतच नाही, असं हे कोणतं कोर्ट?

६ जानेवारी, शनिवार

तिनंच सांगितलं. कोट अंगावर घालून, मी टाचण्या लावत असताना, तोंड भिंतीकडं करून.

मोबाइलवरच्या एका अ‍ॅपवर ती बसते. बघणारे गुलाब, अंगठी असल्या चित्रांच्या भेटी विकत घेऊन पाठवतात. त्यातला मोठा वाटा अ‍ॅप ठेवतं, उरलेला हिच्या खात्यात येतो. एकट्यानं बोलायचं असेल तर मिनिटाचा दर. "काकू, नुसतं बघायला कमी येतात. त्यांना सोंग पाहिजे असतं. तू वकिलीण हो, मी अशील. तू साहेबीण हो, मी उशिरा आलेला कारकून."

मी विचारलं, "आणि तू होतेस?"

"वकिलीण होते. नर्स होते. साहेबीण तर लै झकास होते, त्याला आधी दहा मिनिटं रजेचा अर्ज लिहायला लावते."

हसले मी. मग तिनं चौकडीची वही काढली. मागच्या पानावर लिहिलेलं होतं:

नातं नाही. वहिनी, काकू, मेहुणी, काहीच नाही.
देवाचं सोंग नाही.
गाव, आडनाव, जात सांगणार नाही.
मार खाल्ल्याचं, रडल्याचं सोंग नाही.

चौथ्या ओळीवर माझं बोट थांबलं. ती म्हणाली, "ते सोंग नव्हतं. ते करूनच आले मी इकडं."

'वहिनी'साठी तिप्पट पैसे देतो म्हणणारे रोज भेटतात. पैसे घेतल्यावर नाही म्हटलं तर शिव्या, तक्रार, सगळं. म्हणून ती पहिल्याच मिनिटाला सांगून टाकते. अर्धे तिथंच निघून जातात.

टाचणी माझ्याच बोटात गेली. माझ्या भाडेकरणीचा धंदा मला पटला का? नाही पटला. पण ही ओळ वाचून खोली खाली कर म्हणायला तोंडही उघडलं नाही.

७ जानेवारी, रविवार

भाची वकील आहे. कुणाचं नाव न घेता विचारलं. तिनं पुस्तकच उघडलं.

माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६७-अ कलम: उघड लैंगिक दृश्य फोनवरून, नेटवरून प्रसारित केलं तर पहिल्याच गुन्ह्याला ५ वर्षांपर्यंत कैद, १० लाखांपर्यंत दंड. ६६-ई: कुणाच्या खासगी अंगाचं चित्र संमतीवाचून टिपलं, पसरवलं तर ३ वर्षांपर्यंत कैद, किंवा २ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे गिऱ्हाइकानं चोरून चित्रण केलं तर गुन्हा त्याचा. पण तक्रार द्यायला गेलेल्या बाईलाच ठाण्यात पहिलं विचारणार, तू काय दाखवत होतीस? ती पायरी चढतच नाही. धमकावणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं.

एक गोष्ट मात्र आवडली. दंडविधानात ३५४-क कलमाखाली लिहिलंय म्हणे: चित्र टिपायला बाईनं हो म्हटलं असेल, पण ते तिसऱ्याला दाखवायला हो म्हटलं नसेल, तरी पसरवणं हा गुन्हाच. एका 'हो'च्या पोटात दुसरा 'हो' धरायचा नाही. ही अक्कल कायद्याला आहे, गिऱ्हाइकाला नाही.

मग गोष्ट मुंबईच्या डान्स बारवर गेली. सरकारनं २००५मध्ये बंदी घातली. ७५ हजार बायकांचं काम गेलं, असा आकडा तेव्हा सांगत. हायकोर्टानं बंदी उठवली, सुप्रीम कोर्टानं २०१३मध्ये हायकोर्टाचा निकाल कायम केला. सरकारनं पुन्हा कायदा केला, अटी घातल्या. त्यातल्या मापांवर मी कान टवकारले. २०१६मध्ये कोर्टानं मान्य केलेलं माप असं: मंचाला लागून ३ फूट उंच कठडा, कठड्यापासून ५ फुटांवर गिऱ्हाइकाची खुर्ची. पुढं १७ जानेवारी २०१९च्या निकालात आलं की नोटा उधळायच्या नाहीत, पण हातात बक्षीस देता येईल; आणि आत कॅमेरे लावायची सक्ती रद्द, कारण त्यानं खासगीपणावर घाला येतो.

पाच फूट म्हणजे माझी मापाची टेप. साठ इंच.

वरचीच्या मोबाइलला कठडा नाही. गिऱ्हाईक तिच्या तोंडापासून वीतभर लांब असतं, आणि कॅमेरा काढला तर धंदाच उरत नाही.

९ जानेवारी, मंगळवार

हूक, काज, फॉल, पिको. पाठ मोडली. सात ब्लाउज झाले. कोट कच्च्या टाक्यावर आहे.

१० जानेवारी, बुधवार

कपडे पोचवायला स्वतः गेले. मुखेडहून कंधार, तिथून लोहा, तिथून माळेगाव. पालखीवर खोबरं-भंडारा उधळत होते, रस्ता पिवळा झाला होता. घोडे, गाढवं, उंट, लालकंधारी बैल. जिल्हा परिषद इथं लावणी महोत्सवही भरवते. शिवाय तमाशाच्या कनाती वेगळ्या.

मालकीणबाई साठीच्या आहेत. पोरींना ब्लाउज चढवून हात वर करायला लावले, एक एक काख तपासली. चहा पिताना मी विचारून टाकलं, "बाई, गाणं सांगणारा माणूस गाण्याबाहेरचं सांगायला लागला तर काय करता?"

त्या हसल्या. "सांगतोच की. एकच बाप्या असा दाखव, जो सांगत नाही."

मग सावकाश बोलत गेल्या. बारी म्हणजे पाळी. थिएटरात एकेक पार्टी पाळीनं मंचावर येते. त्यानंतर ज्याला हवी त्याची खासगी बैठक. बैठकीत बाई बसून अदा करते. एकच ओळ दहादा घ्यायची, दर वेळी निराळ्या भावानं. समोरचा दौलतजादा करतो. "नोट हातात घेतली की गाणं कबूल झालं. म्हणून आधी गाणं विचारायचं, मग नोट घ्यायची. उलटं केलं की भांडण." वरचीचाच नियम, फक्त वहीत न लिहिलेला.

"आणि दुसरं," त्या म्हणाल्या, "राया गाण्यातला असतो. समोर बसलेल्याला वाटतं, मीच तो. वाटू दे, त्याचेच पैसे हाईत. पण बाईला वाटाया नको. नवी पोरगी तिथं फसते."

"आणि माणूस पुढंच सरकला तर?"

ढोलकीवाला शेजारीच पान लावत होता. त्यांनी त्याच्याकडं मान वळवली. "ह्याची नजर माझ्या पोरींवर नसते, गिऱ्हाइकाच्या गुडघ्यावर असते. गुडघा हलला की हा तुकडा वाजवून गाणं संपवतो. पेटीवाला भाता बंद करतो. मी म्हणते, चला, पोरींना पाणी प्यायचंय. पोरीला नाही म्हणावंच लागत नाही."

निघताना विठाबाई नारायणगावकरांचा विषय निघाला. खेळ चालू असताना मंचामागं बाळंत होऊन पुन्हा मंचावर आल्या, ही गोष्ट मी कौतुकानं काढली. बाई गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "सगळे कौतुकच करतात. राष्ट्रपतींनी दोनदा पदक दिलं. पण त्या रात्री बस म्हणणारं कोण होतं गं तिच्यामागं?"

येताना बसमध्ये हेच घोळत होतं. वरची हुशार आहे. वही आहे, नियम आहेत. पण तिचा ढोलकीवाला कुठाय? नाही म्हणायचं, वाजवायचं, गाणं संपवायचं, पाणी मागायचं, सगळं तिचं तिनंच. आणि तेही हसऱ्या तोंडानं, कारण मिनिटं चालू आहेत.

११ जानेवारी, गुरुवार

येळवस, म्हणजे वेळ अमावस्या. दुकान बंद. भावाच्या शेतात कडब्याच्या खोपीत पांडव मांडले, पूजा झाली. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. वरचीला बळंच नेलं. पहिल्यांदा तिला पोटभर जेवताना पाहिलं.

वहिनीनं सहज विचारलं, "काय काम करायलीस बाई?" ती म्हणाली, "बोलायचं काम करायले." खोटं नाही त्यात.

परतताना बांधावर एक गंमत सांगितली. कॅमेऱ्यासमोर ती आपली बोली बोलत नाही. पुण्याची शुद्ध मराठी, नाहीतर हिंदी. एकदा तोंडातून 'काय करायलास' निघून गेलं. समोरचा लगेच म्हणाला, नांदेडची का लातूरची? त्या दिवशी तिनं फोनच बंद केला, आठवडाभर बसली नाही. आता देवळाची घंटा वाजायच्या वेळेलाही खिडकी लावून घेते.

"कोट द्यावा लागला तर देईन, काकू. 'करायलास' नाही देणार. ते घरचं हाय."

१३ जानेवारी, शनिवार

कोट पुरा केला. ती नको म्हणाली होती तरी पाठीला अस्तर लावलं, दोन्ही कडांना माया सोडली. ती म्हणाली, दिसणार नाही ते. म्हटलं, घालणारीला कळतं.

माळेगावची ढोलकी तिला सांगितली. बराच वेळ ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला ब्लॉकचं बटण आहे की." जरा थांबून, "पण ते दाबलं की दुसऱ्या नावानं येतो, आणि आधी वाईट बोलून घेतो. मध्येच तोडलं तर अ‍ॅपवर नाव खराब होतं. काहीतरी कारण लागतं."

कारण म्हणजे बाहेरचं, तिच्या नाहीपेक्षा मोठं दिसणारं. माझी मशीन तिच्या खोलीच्या बरोबर खाली आहे. ठरवलं: तिनं दुसऱ्या फोनवरून एक मिस कॉल द्यायचा. पुढचं माझं.

१५ जानेवारी, सोमवार

संक्रांत यंदा पंधराला. दुपारभर हळदीकुंकू. आमच्या आळीत वरचीला कुणी बोलावलं नाही. मी विधवा, मलाही नाही. दोघींनी दुकानातच तिळगूळ खाल्ला.

रात्री सव्वादहाला मिस कॉल.

हातातला काजाचा दोरा तोडला. जिना चढताना घसा साफ केला. दाराची कडी दोन्ही हातांनी खडखडवली आणि सुरू झाले, "भाडं कधी द्यायलीस गं? दोन महिने झाले, दोन! उघड आधी. तुझ्या बापाची माडी हाय का?" आवाज ऐकून समोरच्या घरातला दिवा लागला. भाडं तिनं एक तारखेलाच दिलेलं आहे.

दार उघडलं. अंगात कोट, पायात घरातली चप्पल. मोबाइल पालथा पडला होता.

"गेला?"

"गेला. घाबरला. पैसे पाठवू का म्हणाला भाड्याला."

"मग?"

"नको म्हणलं. पैसे घेतले की उद्या घरमालकीण व्हा म्हणंल."

पोट धरून हसलो दोघी. काय मागत होता, ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. वहीतल्या चार ओळींपैकी एक असणार. दुसऱ्या नावानं उद्या तो परत येईलही. तिला आता रोजचं नवं कारण लागेल, आणि भाडं काही रोज थकत नाही.

जाताना तिनं माझ्या हातात शंभराची नोट ठेवली. मी परत करू लागले तर म्हणाली, "असू द्या. ढोलकीचा हिस्सा."

अख्खं गाव एकमेकाला गोड बोला म्हणत फिरत होतं त्या दिवशी मी माडीवर शिव्यांचं दुकान मांडलं. सकाळी समोरची विचारणार, एवढी कशी गं तू भाड्यासाठी कठोर? सांगेन, आहेच मी कठोर.